घरात न घेतलेलं नाव

बाजारात त्यांना सगळे नाववाल्या बाई म्हणतात. बाळांच्या दुपट्यांवर, टोपड्यांवर त्या मशीनने नावं भरतात. कापडाच्या दुकानामागे एक खोली आहे, तिच्या एकुलत्या एका खिडकीशी त्यांचं मशीन. भरताना प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणायची त्यांची पद्धत. नाव चुकलं तर आईबाप एक वेळ सोडतील, आजी सोडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आणि नावं तरी कशी! एका वर्षी सगळी पोरं सूर्याच्या अर्थाची, पुढच्या वर्षी झाडून सगळ्या मुली प्रकाशाच्या. लोक मोबाइल पुढे धरून अर्थ वाचून दाखवतात. "बघा बाई, अजिंक्य असा अर्थ आहे." बाई अजिंक्याकडे बघतात, तो अंगठा चोखत असतो. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं मनात येतं; पण गिऱ्हाईक आहे, तोंडावर कशाला बोला?

एक नाव मात्र वर्षानुवर्षं पहिल्या नंबरावर. अर्थ, दीर्घायुषी. बाईंच्या लेकाचं तेच नाव होतं. नाव ठेवलं आणि महिनाभरात तापाने गेला. त्यानंतर सासूबाई एकदाच म्हणाल्या, "ते नाव या घरात पुन्हा घ्यायचं नाही." घराने ऐकलं. बाईंच्या नवऱ्यानेही मुकाट ऐकलं. लेकाचा आधी 'तो' झाला, मग 'ते सगळं' झालं, मग त्याच्याबद्दल कोणी बोलेनासंच झालं.

बाहेर मात्र नावाची अशी लाट आली की विचारू नका. पहिल्यांदा ते भरायला आलं तेव्हा बाईंनी कापड परत केलं. दुसऱ्यांदा ठेवून घेतलं. भरताना अक्षर मोठ्याने म्हणायचंच असतं, त्यात कोण काय बोलणार? लेकाचं नाव राजरोस तोंडाने घ्यायला मिळतं, वर त्याचे पैसेही मिळतात. घरात याचा कोणाला पत्ता नव्हता आणि बाईंना तो द्यायचाही नव्हता.

आता त्यांच्या धाकट्या जावेला मुलगा झाला. सासूबाईंनी विजयी अशा अर्थाचं नाव सुचवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी दीर कचेरीत जाऊन नावाची नोंद करणार होता.

नोंदीच्या आदल्या दुपारी रस्त्याच्या पार टोकाचा दुकानदार गठ्ठा घेऊन आला. त्या बाजारात 'नाव भरून मिळेल' अशी पाटी सगळ्या दुकानांवर आहे, पण भरायचं काम येतं ते एका बाईंच्याच मशीनवर. गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसतं. गठ्ठ्यात एक पिवळं दुपटं होतं. ते बाईंनीच, आपलं जुनं मऊ पांघरूण कापून, पुतण्यासाठी शिवलं होतं. आपल्या हातची शिवण माणूस ओळखणार नाही?

"यावर नेहमीचंच," दुकानदार म्हणाला. "दीर्घायुषीवालं."

बाईंनी ते भरलं. इतर कामं तशीच टाकली आणि दुपटं घेऊन तडक घरी गेल्या. धाकटी भांडी विसळत होती. दुपटं बघून तिचा चेहरा उतरला.

"ताई, चुकलं माझं. मला तेच नाव ठेवायचं होतं. पण आई म्हणाल्या, थोरलीला सहन व्हायचं नाही, तिच्यापुढे विषयसुद्धा काढू नकोस. म्हटलं, निदान कपाटात तरी असू दे. एकटी असताना त्याच नावाने हाक मारीन."

बाईंचं डोकं सणकलं. नाव बंद केलं, ते इतकी वर्षं सोसलं. पण त्यांना न विचारता त्यांच्याच खांद्यावर बंदूक ठेवायची? नाही म्हणजे नाही.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा बाईंनी ते दुपटं ताटांच्या मधोमध पसरलं.

"मला सहन होणार नाही असं मी कधी म्हणाले, आई?"

"अगं, जेवताना कशाला..." नवरा पुटपुटला.

"जेवतानाच. इतकी वर्षं तुम्ही खाली मान घालून जेवलात, आज वर बघा."

सासूबाईंनी दुपट्यावरची नजर काढली. "ते नाव लाभत नाही. दीर्घायुषी म्हणे! काय झालं ते बघितलंस ना?"

"बघितलं. माझ्याच मांडीवर बघितलं. तापाने गेला तो, नावाने नाही. निम्म्या गावाच्या पोरांसाठी मी हेच नाव भरलंय. दुकानापुढे चेंडू खेळतात, काचा फोडतात, वर मलाच वाकुल्या दाखवतात. एकालाही काही धाड भरलेली नाही. धाकटीला ठेवायचं तर ती ठेवेल, नाही तर नाही. तिचं पोर आहे. पण मला पुढे करून तिचं तोंड बंद करायचं नाही. आणि माझ्या लेकाचं नाव मी आजपासून या घरात घेणार. कोणाला उठून जायचं असेल तर त्याने जावं."

आणि त्यांनी नाव घेतलं. पूर्ण, खणखणीत. कोणी उठलं नाही.

"मला तेच ठेवायचंय," धाकटी हळूच म्हणाली. दिराने मान हलवली.

सासूबाईंचा घास हातातच राहिला होता. "ते मी निवडलं होतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यात मोठ्या आयुष्याचं म्हणून. लोक म्हणाले, म्हातारीने नशिबाला डिवचलं. मलाही तसंच वाटत आलंय."

नाव त्यांनी निवडलं होतं हे बाईंना माहीत होतं. बाकीचं त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. राग लगेच गेला, असं काही नाही, खोटं कशाला सांगू? पण त्यांनी उठून धाकटीकडून बाळ घेतलं आणि सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"तेव्हाही तुम्हीच निवडलं होतंत. आता हाकही तुम्हीच मारा."

सासूबाई बराच वेळ बाळाची टाळू कुरवाळत बसल्या. मग त्यांनी बाळाकडे बघत नावाने हाक मारली. थोड्या वेळाने पुन्हा एकदा मारली, तेव्हा मात्र त्या बाळाकडे बघत नव्हत्या.