मुरडशेंग आणि माझी सावधगिरी

मी एकदा फसलोय, आणि तेही कधी न निघालेल्या पार्सलपायी. गेल्या वर्षी फोनवर मेसेज आला : तुमचं पार्सल अडकलंय, खालच्या लिंकवर पत्ता दुरुस्त करा. मी कुठूनही काही मागवलेलं नव्हतं. तरी पत्ता दुरुस्त केला, आणि सवयीनं कार्डाचा नंबरही भरला. बँकेनं वेळीच कार्ड बंद केलं म्हणून निभावलं. पण ते बंद झालं त्या क्षणी बायको सुपरमार्केटच्या काउंटरवर होती आणि तिच्या मागे अख्खी रांग. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "दुसऱ्यांच्या कागदांवर संशय घ्यायचा पगार मिळतो ना हो तुम्हाला?"

मिळतो. मी ऑडिटमध्ये आहे.

त्या दिवसापासून मी ठरवलं, आता कोणावरही विश्वास नाही. सिंगापुरात, हौगांगमधल्या आमच्या फ्लॅटबाहेर कोणी खोकं ठेवून गेलं की मी आधी ग्रिलमधून बघतो. समोरच्या म्हाताऱ्या अंकलनं माझं एक खोकं पावसाच्या झडीतून उचलून आत ठेवलं, तेव्हा मी आभार मानता मानता त्याची चिकटपट्टी तपासली. त्यानं ते पाहिलं. हल्ली तो लिफ्टमध्ये माझ्याशी हवेबद्दलही बोलत नाही.

अशा दिवसांत मुलगी पासिर रिसहून बाळंतपणाला आमच्याकडे आली आणि सांगलीत माझ्या आईनं गोधडी शिवायला घेतली. आई चौऱ्याऐंशीची. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. डॉक्टरांनी सुई हातात धरायची नाही म्हणून बजावलं होतं. "ही शेवटची," ती म्हणाली, "मग डोळे मिटले तरी चालतील." स्वतःच्या पाच जुन्या सुती साड्यांचे थर, वर धावदोरा. तिची एकच मागणी होती. बारशाला तिला येता येणार नव्हतं, पण पतवंड त्या गोधडीवर निजलेलं तिला फोनवर दिसलं पाहिजे.

बाळ जन्मायच्या आधी मात्र ती काही पाठवायला तयार नव्हती. "आधी पाठवायचं नसतं. कळलं?" कळलं. मुलगी झाल्याचा फोन गेला आणि त्यानंतर गोधडी घराबाहेर पडली. बारसं सव्वा महिन्यानं, रविवारी. म्हणजे वेळ बेताचाच.

कोणाबरोबर तरी पाठवता आली असती. पुण्याहून इथे दर आठवड्याला कोणी ना कोणी मराठी इंजिनियर येतच असतो आणि त्याच्या बॅगेत चार घरांची लोणची असतात. पण मागे एकानं आणलेल्या डब्यात बारा करंज्या निघाल्या होत्या आणि आई अठरा म्हणत होती. मी म्हणालो, नको, टपालानंच पाठव. आणि हो, खायचं-प्यायचं, मुळ्या-बिळ्या काही आत घालू नकोस, इथे अडवतात.

"बरं," आई म्हणाली. इतक्या चटकन ती 'बरं' म्हणाली, तिथेच मला संशय यायला हवा होता.

पार्सल निघालं आणि ट्रॅकिंगवर 'मुंबईहून रवाना' असं उमटलं. ते तसंच राहिलं. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. मी ऑफिसात मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून रवाना, रवाना वाचत बसायचो. मग एक दिवस 'सिंगापूरला पोचले', आणि लगेच दुसऱ्या दिवशी 'रोखून ठेवले आहे'. कोणी रोखलं, का रोखलं, काही नाही.

आणि मग सोमवारी संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज पुरुषाचा, अतिशय सभ्य. सभ्य आवाजाची मला आता भीतीच वाटते.

"सर, तुमच्या नावे भारतातून पार्सल आलंय. आत फॉर्मवर न लिहिलेल्या वस्तू आहेत. वाळक्या मुळ्यांचे तुकडे, स्क्रूसारख्या पिळलेल्या शेंगा, एक दगड आणि पुडीत थोडी पावडर."

पावडर! मी खुर्चीत सरसावून बसलो. हाच तो! आमच्या मंडळाच्या ग्रुपवर दर आठवड्याला कोणाच्या तरी मेव्हण्याची हीच कथा येते : पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणून फोन, मग व्हिडिओवर खोटा पोलीस, मग दार लावून बसा आणि कोणाशी बोलू नका. मी बायकोला खुणेनं बोलावलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

"पावडर कुठल्या रंगाची?"

"फिकट तपकिरी, सर."

"पांढरी म्हणा हो. पांढरी जास्त खपते."

पलीकडून तोच सभ्य आवाज, "सर, सात दिवसांच्या आत काउंटरवर या. नाहीतर पार्सल परत पाठवलं जाईल किंवा नष्ट केलं जाईल."

"आणि आता तुमचे साहेब गणवेश घालून व्हिडिओवर येणार. त्यांना सांगा, इस्त्री करून या. मला एक सांगा, तुमच्या आईला माहीत आहे का तुम्ही काय काम करता ते?"

फोन ठेवला, नंबर ब्लॉक केला आणि ग्रुपवर सविस्तर हकिकत लिहिली. अंगठे आले, टाळ्या आल्या. एका ज्येष्ठ सभासदानं 'सावध नागरिक' असा शेरा दिला. मी तो बायकोला वाचून दाखवला.

ती भाजी निवडत होती. "अहो, पण ठग दगड कशाला म्हणेल?"

"म्हणजे?"

"पासपोर्ट म्हणेल, पैसे म्हणेल. दगड?"

"नवीन असेल धंद्यात," मी म्हणालो.

आईचा फोन रोज यायचा. पोचलं का? नाही. पोचलं का? नाही. शुक्रवारी तिचा आवाज असा बारीक झाला की मला राहवलं नाही. "पोचलं, आई," मी म्हणालो. दोन दिवसांत येईलच, तोवर म्हातारीला झोप तरी लागेल, असा माझा साधा हिशेब.

"पोचलं! मग दाखव की."

"धुऊन वाळत घातलीय. खिडकीबाहेर, बांबूवर."

"बरं केलंस. आणि आतली पुरचुंडी?"

"कुठली?"

"अरे, गोधडीच्या घडीत ठेवलीय. बाळगुटीचं सगळं. हिरडा, वेखंड, मायफळ, मुरडशेंग. वेखंडाची पूडही आहे, अंघोळीनंतर टाळूला लावायला. आणि माझी छोटी सहाण. तुला उगाळायला दुसरी कुठे मिळणार? तू नको म्हणालास, म्हणून सांगितलं नाही."

मुळ्या. पिळलेल्या शेंगा. दगड. तपकिरी पावडर.

मी फोन हातात धरून बांबूकडे बघत राहिलो. त्यावर माझे दोन बनियन वाळत होते.

सात दिवसांतले चार संपले होते. शनिवारी सकाळी दार उघडायच्या आधीच मी टपालाच्या पार्सल केंद्रावर जाऊन उभा. टेबलाशी गणवेशातला पन्नाशीचा माणूस होता. त्यानं पावतीचा नंबर विचारला आणि मी आवाज ओळखला. त्यानंही माझा ओळखला असावा, कारण टाइप करता करता वर न बघता तो म्हणाला, "अंकल, मी घरी विचारलं. आईला माहीत आहे मी काय काम करतो."

गणवेशाला इस्त्री होती.

त्यानं गोधडी टेबलावर पसरली. तपासणीत एका कोपऱ्याची शिवण उसवली होती, आतल्या निळ्या साडीचा काठ बाहेर डोकावत होता. शेजारी ट्रेमध्ये पुरचुंडीतला ऐवज ओळीनं मांडलेला. मुरडशेंग उचलून तो म्हणाला, "धिस वन व्हॉट?"

"बाळाच्या पोटासाठी."

"हा दगड?"

"त्यावर उगाळायचं."

"बेबी हे खातं?"

"थोडंसं. एकेक वळसा."

तो माझ्याकडे तसाच बघत होता जसा मी जन्मभर दुसऱ्यांच्या व्हाउचरांकडे बघत आलो. "अंकल, इथे येणारा प्रत्येक जण औषध आहे म्हणतो. पॅक कोणी केलं? त्यांच्याशी बोलता येईल?"

बोलता येत होतं. त्यासाठी फक्त आईला व्हिडिओ लावायचा होता.

आई दिसली. आईला मी दिसलो, मग गणवेश दिसला, मग टेबल. "कुठे आहेस तू? पोलीस चौकीत?"

"नाही आई, टपालात."

"मग ही गोधडी तिथे कशी? वाळत होती ना?"

मागे चार माणसं उभी होती. त्यांना मराठी येत नव्हतं एवढीच देवाची कृपा. "पार्सल आलंच नव्हतं, आई. मी खोटं बोललो."

तिनं पदर सारखा केला. "मीही सांगितलं नव्हतं म्हणा. पण तू विचारलंच नव्हतंस. याला खोटं म्हणत नाहीत."

मग तिनं त्या अधिकाऱ्याला गुटी समजावली. तो मान डोलावत होता, ती हवेत बोटानं वळसे काढत होती, मी मधे दुभाषा. पाच मिनिटांनी त्यानं फॉर्म पुढे केला. गोधडी मिळाली, सहाण मिळाली. मुळ्या, शेंगा आणि पूड तपासणीसाठी तिथेच राहणार होत्या. "रूट्स कॅनॉट," तो म्हणाला, आणि मी सही केली. माफीही मागितली. ती त्यानं फॉर्मवर कुठेच नोंदवली नाही.

घरी मुलगी इथल्या लकबीत म्हणाली, "बाबा, हे सगळं लिटल इंडियात मिळतं, लाह."

उसवलेला कोपरा मीच शिवायचा, असा आईचा हुकूम झाला. संध्याकाळी बायकोनं फोन धरला आणि मी सुई. "दोरा ओढू नकोस. हा टाका लांब गेला. उसव."

"झालं, आई."

"झालं म्हणू नकोस. दाखव."

रविवारी बारसं झालं. नातीला गोधडीवर निजवलं आणि मी फोन वर धरला. आईनं ऑपरेशन झालेला डोळा पडद्याला इतका चिकटवला की आम्हाला नुसती भुवई दिसू लागली.

"दिसली का, आई?"

"तू बोलू नकोस. सूनबाई, तू सांग. गोधडी तीच आहे का? कोपरा दाखव. आता उलटी बाजू."

मुलीनं बाळाला उचललं, बायकोनं गोधडी उलटी केली. माझे वेडेवाकडे टाके पडद्यासमोर आले. आई ते बराच वेळ बघत राहिली.

"हं," ती म्हणाली. "आता बाळ जवळ आणा. तेही आपलंच आहे ना, बघते."