मिसाओच्या छोट्या लिंका

मिसाओ कजितानी आणि मी जपानातल्या हिमेजीच्या बाजारगल्लीतल्या एका लाँड्रीच्या काउंटरवर कित्येक वर्षं शेजारीशेजारी उभ्या आहोत. ती कपडे घेते, मी पावती फाडते. ही बाई कशी आहे म्हणून कोणी विचारलं की मी एकच गोष्ट सांगते. कोटाच्या खिशात कोणी अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा विसरला, तर ती तो कागदी पिशवीत घालते, वर चिकटपट्टी लावते आणि वाकून परत करते. मी असते तर उरलेला अर्धा खाऊन मोकळी झाले असते.

ही बाई दप्तरांवर ब्लॉग लिहिते. आमच्याकडे पोर पहिलीत जायला वर्ष असतानाच घराघरांत दप्तराची धावपळ सुरू होते. कातडी दप्तर, पहिलीपासून सहावीपर्यंत तेच पाठीवर, आणि ते घ्यायचा मान आजीआजोबांचा. चांगल्या कारागिरांकडे नोंदणी उघडते आणि तासाभरात संपते. मिसाओने आपल्या दोन मुलींसाठी दप्तरं शोधताशोधता लिहायला घेतलं. मुली नोकरीला लागल्या तरी हिचं लिहिणं काही थांबलं नाही. थंडीत बधिर झालेल्या बोटांनी कुठल्या दप्तराची कडी उघडत नाही, कुठल्याचा पट्टा खांद्याला काचतो, हे सगळं तिच्याकडे मिळतं. प्रत्येक दप्तराखाली ते विकत घ्यायची लिंक असते. त्या लिंकवरून कोणी खरेदी केली तर मधली कंपनी मिसाओला थोडा हिस्सा देते, आणि तसं तिने ब्लॉगच्या माथ्यावरच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय. लपवाछपवी तिच्या स्वभावातच नाही.

घोळ होता तो लिंकांच्या लांबीचा. मधली कंपनी देते ती लिंक म्हणजे तीन ओळी भरून अक्षरं, आकडे आणि टक्क्यांची चिन्हं. तरुण माणूस बोट ठेवतो आणि पुढे जातो, पण मिसाओचे वाचक सगळे आजीआजोबा. ते पान छापून घ्यायचे आणि लिंक एकेक अक्षर बघून टाइप करायचे. आमच्या दुकानात येणारे इनुईसान त्यांतलेच. जन्मभर शहरातली बस चालवली, आता निवृत्त. मोठ्या नातवाच्या दप्तराच्या वेळी ते जाहिरातीच्या कागदाच्या पाठीमागे सगळी लिंक उतरवून घेऊन आले होते.

"कजितानीसान, मी इतकी वर्षं बस चालवली, पण एवढी वळणं कुठल्या रस्त्याला पाहिली नाहीत," ते म्हणाले. "तिसऱ्या ओळीत मी दरीत पडतो."

मिसाओला ते इतकं लागलं की दोन दिवस ती जेवणाच्या सुट्टीत माझ्याशी धड बोलली नाही, नुसती फोनमध्ये डोकं घालून वाचत बसली. तिसऱ्या दिवशी आली ती फुललेल्या चेहऱ्याने. तिला एक प्लगइन सापडलं होतं. ब्लॉगला जोडायचं एक छोटं साधन. त्यात लांबलचक लिंक एकदा टाकायची आणि तिला एक छोटं नाव द्यायचं. मग वाचकाने ब्लॉगचा पत्ता आणि पुढे ते नाव एवढंच टाइप केलं की प्लगइन त्याला बरोबर दुकानात पोहोचवतं.

"आणि ऐक ना तोकिए, दप्तरं शिवणाऱ्या ओकुहातांची लिंक माझ्या शंभरावर लेखांत आहे. उद्या त्यांनी दुकान हलवलं तर मी एका जागी बदलायचं, की सगळीकडे आपोआप बदललं."

"ते दुकान हलवतील त्या दिवशी तू मला बदामाचा टोस्ट खायला घाल."

"तो का म्हणून?"

"तोपर्यंत हे सगळं ऐकून घेतल्याबद्दल."

लिंक बनवताना ते प्लगइन दरवेळी एक प्रश्न विचारायचं: पाठवणी कायमची, की तात्पुरती? मिसाओ तिथे अडली आणि फोन घेऊन माझ्याकडे आली.

"ओकुहातासान एकेक दप्तर सहा वर्षं टिकावं म्हणून हाताने शिवतात. त्यांच्या नावापुढे मी 'तात्पुरती' कसं लिहू?"

"त्यांना कोण दाखवायला जाणारे?"

"मला दिसेल ना रोज."

मग काय, ओकुहातांसकट झाडून सगळ्या कारागिरांना तिने कायमचं करून टाकलं. त्याखाली बारीक अक्षरांत काहीतरी सूचना होती, ती आम्ही दोघींनीही वाचली नाही. इनुईसानना तर 'ओकुहाता' हा एकच शब्द पुरायला लागला. ते अधूनमधून उगाचच तो टाइप करून दप्तरं बघायचे.

यंदा ओकुहातांनी खरंच दुकान हलवलं. मोठ्या ऑनलाइन बाजारातून बाहेर पडून त्यांनी स्वतःचं पान काढलं. बापलेक दोघंच शिवतात, त्यामुळे दप्तरं मोजकीच. बिननक्षीचं, गर्द हिरवं दप्तर तर आमच्या माहितीत दुसरं कोणी करतच नाही. आणि इनुईसानच्या नातीला, सेन्दाईच्या कोतोहाला, तेच हवं होतं. "आजोबा घेतील," असं आजोबांनी फोनवर छातीठोकपणे सांगून टाकलं होतं.

नोंदणी मेच्या सुट्ट्यांनंतरच्या शनिवारी, सकाळी दहाला. मिसाओने दुकानात येण्याआधीच प्लगइनमध्ये जुना पत्ता काढून नवा टाकला, एका जागी, आणि दिवसभर पुरेल एवढी खूश झाली. तपासून बघायची सोय नव्हती, कारण नवं पान दहापर्यंत उघडतच नव्हतं. थंडीचे कोट धुवायला टाकायचे ते दिवस, काउंटरवर लोकरीचा नुसता डोंगर. इनुईसान पावणेदहालाच एक जाकीट घेऊन आले. ते स्वच्छ होतं. तरी मी पावती फाडली.

दहा वाजले. मिसाओने आपल्या फोनवर लिंक दाबली, इनुईसाननी त्यांच्या. दोन्ही पडद्यांवर एकच ओळ आली: यंदाची दप्तरं संपली आहेत.

"दोन मिनिटांत?" मी म्हटलं.

मिसाओ काउंटरला कपाळ टेकेल इतकी वाकली. "माफ करा. मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, की इतक्या लवकर..."

"तुमची काय चूक त्यात," इनुईसान म्हणाले. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "कोतोहाला सांगतो, लाल घे म्हणून. लालही छान दिसतं."

त्यांचा तो आवाज ऐकून माझं डोकंच फिरलं. इतकी मोजकी दप्तरं शिवायची आणि वर गाजावाजा करायचा, म्हणून त्या ओकुहातांना चार शब्द सुनवायचेच, असं ठरवून मी माझा फोन काढला. मिसाओचा ब्लॉग उघडला, लिंक दाबली. समोर गर्द हिरवं दप्तर आलं, आणि त्याखाली बटण: नोंदवा.

"मिसाओ, इकडे बघ."

तिने बघितलं. आपल्या फोनवर पुन्हा दाबलं. संपली आहेत. माझ्या फोनवर दाबलं. नोंदवा.

"तुझ्याच फोनवर कसं? याआधी कधी दाबली होतीस तू ही लिंक?"

"कधीच नाही."

"म्हणजे?"

"ब्लॉगच पहिल्यांदा उघडलाय."

"तोकिए, इतक्या वर्षांत एकदाही..."

"ते भांडण आपण दुपारी करू," मी म्हटलं.

पण ती भांडतच नव्हती. प्लगइनमधली ती बारीक अक्षरांतली सूचना ती फोनवर वाचत होती. "कायमची," ती हळूच म्हणाली. "कायमची म्हटलं की फोन ते खरं मानतो. पहिल्यांदा जिथे गेला तो पत्ता तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी प्लगइनला विचारतसुद्धा नाही, थेट तिकडेच जातो. मी इकडे बदललं, पण त्याला कळलंच नाही. बाजारातल्या त्या जुन्या पानावर आता विकायला काही नाही, म्हणून तिथे 'संपली' दिसतंय. नवी माणसं बरोबर पोहोचतायत. आणि जी इतकी वर्षं माझ्याकडे येतायत, ती सगळी बंद दाराशी उभी आहेत. संपलं म्हणून मुकाट परत जातायत."

मी तिला एवढी हललेली कधी पाहिली नव्हती. मी इनुईसानच्या हातात माझा फोन कोंबला. "भरा. नाव, पत्ता, सगळं. इस्त्रीच्या मागे स्टूल आहे, तिथे बसून भरा." रांगेतल्या बाईंना म्हटलं, थोडं थांबा, इथे दप्तराचा मामला आहे. त्यांनी लगेच आपला कोट खुर्चीवर टाकला आणि त्याही बघायला आल्या. दप्तर म्हटलं की आमच्याकडे घाई कुणालाच नसते.

मिसाओ आपल्या फोनवर प्लगइन उघडून बसली. जुनं नाव आता नासलं होतं, फोनांना नवं कोरं नाव हवं होतं.

"काय नाव देऊ? ओकुहातासानना साजेसं काहीतरी..."

"आमंत्रणपत्रिका छापायचीय का तुला? पुढे दोनचा आकडा लाव."

"दोन? दुय्यम वाटेल गं."

"मिसाओ."

तिने दोन लावला. या वेळी प्लगइनने विचारलं तेव्हा डोळे मिटून 'तात्पुरती'वर बोट ठेवलं. मग ब्लॉगच्या माथ्यावर, आपल्या हिश्श्याच्या ओळीच्याही वर, लाल अक्षरांत लिहिलं: ज्यांना 'संपली' असं दिसलं त्यांनी इकडून या. संपलेली नाहीत. चूक माझी आहे.

प्लगइनमध्ये लिंकेपुढे एक आकडा असतो, किती जणांनी दाबली त्याचा. तो शून्यावर होता. आम्ही तिघी बघत होतो, त्या कोटवाल्या बाईसुद्धा. एक झाला. चार झाले. मग एकदम अकरा, आणि नंतर तो आकडा ठरेचना. माणसं परत येत होती. रोज मी या बाईच्या शेजारी उभी असते आणि तिच्याकडे एवढी माणसं येतात याचा मला पत्ताच नव्हता.

मागून इनुईसानचा आवाज आला. "आत नाव उमटवायचं का, असं विचारतोय."

"उमटवा," मिसाओ म्हणाली. "बिनपैशाचं आहे."

"माझं बोट जाड आहे हो. 'को'च्या जागी दुसरंच पडतंय."

"पुसा आणि परत दाबा, घाई करू नका," असं ती म्हणाली खरी, पण स्वतः एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. शेवटी इनुईसान स्टुलावरून उठून काउंटरपाशी आले, माझा फोन दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि आधी माझ्यासमोर, मग मिसाओसमोर वाकले. नोंदणी झाली होती. त्यांनी लगेच सेन्दाईला फोन लावला. पलीकडे कोतोहा इतकी किंचाळली की कोटवाल्या बाई दचकल्या.

अकराच्या आत दप्तरं खरोखर संपली. मिसाओच्या ब्लॉगवर निरोप येत राहिले. मिळालं. मिळालं, आभारी आहे. तोत्तोरीच्या एका आजींनी लिहिलं होतं, मी चप्पल घालून लाल बघायला निघालेच होते. दोघातिघांचं मात्र राहिलं ते राहिलंच. मिसाओने त्यांचे निरोप पुन्हापुन्हा वाचले, आणि मी आणून दिलेल्या चहाला हात लावला नाही.

दुपारी तिने ओकुहातांना फोन केला. मी ऐकावं म्हणून नव्हे, पण दुकान रिकामं होतं आणि त्यांचा आवाज मोठा. तिने सगळं सांगितलं, आणि शेवटी हेही, की आता तुमच्या नावापुढे मला 'तात्पुरती' लिहावं लागलंय, त्याबद्दल माफ करा.

ते पलीकडून खो खो हसले. "अहो कजितानीसान, माझं दप्तरही तात्पुरतंच आहे की. सहा वर्षं. मग पोर माध्यमिक शाळेत जातं आणि दप्तर माळ्यावर. पोर पुढे जावं म्हणूनच तर मी शिवतो. तिथेच अडकून राहिलं तर माझं शिवणं फुकट."

फोन ठेवल्यावर तिने डोळे पुसले, गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि मला म्हणाली, "टोस्ट उद्या. आज काम आहे."

मग तिने प्लगइनची यादी वरपासून उघडली. एकेका कारागिराला नवं नाव दिलं आणि त्याच्यापुढे 'तात्पुरती' केलं. सबंध दुपार. आणि दरवेळी बटण दाबण्याआधी फोनच्या पडद्यासमोर ती किंचित वाकत होती.