ड्रायरचा थांबलेला आकडा

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेनऊ वाजता, सावली तालुक्यातल्या एका राईस मिलमधून एका बाईंना कामावरून काढलं. आठ वर्षं त्या मिलचा ड्रायर सांभाळत होत्या. कारण दिलं की लक्ष नव्हतं, धान जास्त वाळवलं, अख्ख्या खेपेच्या कण्या झाल्या. लक्ष नव्हतं हे खोटं होतं. आणि ते खोटं ज्या डब्यातून आलं, तो डबा मी बसवला होता.

मी चंद्रपूरची. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आणि कारखान्यांतली कंट्रोल पॅनल जोडते. उरलेल्या वेळात कंत्राटी कामगारांच्या संघटनेची पत्रकं लिहिते. कोणावर अन्याय झाला ते पहिल्या ओळीत, कोणी केला ते दुसऱ्या ओळीत, असं आम्हाला शिकवलेलं आहे. दुसऱ्या ओळीत स्वतःला लिहायचा प्रसंग त्याआधी आला नव्हता.

ही मिल उकड्या तांदळाची. उकडलेलं धान ड्रायरमध्ये फिरत राहतं आणि त्यातली ओल चौदा टक्क्यांवर आली की ड्रायर थांबवायचा. उशीर झाला तर दाण्याला बारीक तडे जातात आणि पुढे साल काढणाऱ्या हलरमध्ये तो तुटतो. ड्रायर जुना, एका कंपनीचा. त्याचा कंट्रोलर दोन तारांवरून बोलतो, तेही कोणी विचारलं तरच. मालकाने नवं मुख्य पॅनल आणलं ते दुसऱ्या कंपनीचं. त्याला नेटवर्कची केबल लागते आणि त्याची बोलायची रीतच वेगळी. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नाही. म्हणून मध्ये एक डबा बसवतात, त्याला गेटवे म्हणतात. सिरोंच्याच्या बाजारात तेलुगू बोलणारा मासेवाला आणि आमच्याकडचं गिऱ्हाईक यांच्यामध्ये दोन्ही भाषा येणारा कोणीतरी उभा असतो, तसा हा डबा. ड्रायरला ओल विचारतो, पॅनलला सांगतो, आणि आकडा चौदा झाला की पॅनल ड्रायर बंद करतं.

पॅनल येण्याआधी हे काम बाई दातांनी करायच्या. मूठभर धान काढायचं, एक दाणा सोलून चावायचा. दाताला चिकटला तर ओला, कट्ट आवाज करून तुटला तर झाला. मग हाताजवळचं लाल बटण दाबायचं. नव्या नकाशात ते बटण सुपरवायझरच्या केबिनमध्ये गेलं, कुलपाआड; ड्रायरपाशी बाईंना बघायला फक्त आकड्याचा छोटा पडदा राहिला. नकाशा मालकाच्या माणसाने दिला, मी तसं वायरिंग केलं. विचारलं काहीच नाही.

पहिल्या आठवड्यात मी डबा असा ठेवला होता की तार तुटली किंवा उत्तर आलं नाही, तर आकडा शून्य व्हावा आणि भोंगा वाजावा. तिकडे विजेचा दाब दिवसभर वरखाली, त्यामुळे संपर्क सारखा तुटायचा. भोंगा उठता-बसता वाजायचा. सुपरवायझरचा फोन आला.

"मॅडम, तुमचा डबा लय बोंबलून राह्यला. मी मिल चालवू का याले अंगाई गाऊ?"

मी गेले. डब्याच्या सेटिंगमध्ये एक यादी असते: संपर्क तुटला तर काय करायचं. मी 'शून्य दाखव' काढलं आणि 'शेवटचा आकडा तसाच ठेव' निवडलं. दोन मिनिटांचं काम. भोंगा गप्प झाला. सुपरवायझरने चहा पाजला, वर म्हणाला, "आता कसं शायनं लेकरू झालं तुमचं!" मी हसले आणि परतीच्या बसमध्ये बसले.

त्या मंगळवारी हलरवर काम करणाऱ्या आमच्या एका सभासदाचा फोन आला की बाईंना काढलं. दुपारपर्यंत माझं पत्रक तयार. मालकाची मस्ती, बाईमाणसाचा अपमान, धमकी, इशारा, सगळं जागच्या जागी. आमच्या संघटनेचा एक नियम आहे: ज्याच्यासाठी पत्रक लिहिलं त्याला छापण्याआधी वाचून दाखवायचं. म्हणून संध्याकाळी बाईंच्या घरी गेले. त्या अंगणात सूप घेऊन उडीद पाखडत होत्या. हात न थांबवता त्यांनी पूर्ण ऐकलं.

"चांगलं लिवलं. पण खरं नाई."

"काय खरं नाही?"

"मालकानं मले मस्तीत नाई काढलं. आकडा पाहून काढलं. मशीन चुकत नाई, मंग बाईच चुकली म्हने. अन् आकडा खोटा होता. थे कुठी लिवलं तू?"

मग त्यांनी सोमवारचं सांगितलं. "रोजचा आकडा हालते ना वं. सोळा, सोळा-दोन, पंधरा-नऊ. कोंबडीच्या मानेवानी. सोमवारी सोळा म्हणजे सोळा. दोन घंटे जागचा हालला नाई. मी दाणा चावला, तर कट्टबी नाई, फुटानेच! धावत गेली केबिनातल्या सुपरवायझर सायबाकडे. म्हटलं, बंद करा. तर म्हने, बाई, मशीनले दात नाईत, पन तुह्यापेक्षा जास्त समजते."

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"थो डबा तूच लावला ना वं?"

"हो."

"मंग मालकाले काऊन शिव्या देऊन राह्यली सगळ्या? थोड्या तुह्याबी ठेव."

त्या रागावल्या नव्हत्या. आठ वर्षांचं काम गेलं होतं आणि गावात चर्चा होती की बाई झोपल्या असतील. त्यांना एवढंच हवं होतं की कोणीतरी ते खोडून काढावं. पत्रक घडी करून मी पर्समध्ये टाकलं.

बुधवारी सकाळी मिलमध्ये गेले. तुटलेली खेप काढून ड्रायर झाडून रिकामा ठेवला होता. आत एक दाणा नव्हता. केबिनमध्ये मालक आणि सुपरवायझर दोघंही होते. मी त्यांना पॅनलच्या पडद्याकडे बघायला सांगितलं. पडद्यावर ओल: सोळा टक्के.

"रिकाम्या ड्रायरमध्ये?" मालक म्हणाले.

मासेवाला केव्हाच उठून गेला होता आणि मधला माणूस जुनाच भाव सांगत उभा होता. तार शोधायला अर्धा तास लागला. धान वर नेणाऱ्या एलिव्हेटरच्या मागे उंदराने ती कुरतडली होती.

"म्हंजे उंदरानं केलं हे," मालक सुटल्यासारखे हसले.

"नाही. उंदराने तार तोडली. तार तुटली तरी जुना आकडा दाखवत राहा, हे डब्याला मी सांगितलं होतं. आणि बाई सांगत होत्या तेव्हा कोणी ऐकलं नाही."

सुपरवायझरने टोपी काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "भोंगा बंद करा, हे मॅडमले मीच सांगतलं होतं." त्याला हे बोलायची काही गरज नव्हती. बोलला, हे मी इथे नोंदवून ठेवते.

मालकांनी बाईंना बोलावणं पाठवलं. दुपारी त्या आल्या, चप्पल काढून केबिनच्या दारात उभ्या राहिल्या. हलरवरची माणसंही मागे जमली होती. त्यांच्यासमोर मालक म्हणाले, "चूक आमची झाली, बाई. झालं गेलं इसरा. उद्यापासून या."

"येतो जी. पण माफी नको मले. बटन पाह्यजे."

"कोणतं बटण?"

"बंद करायचं. माहा हात जिथी धानात असते, तिथी."

मालक माझ्याकडे बघायला लागले, जणू हे मी शिकवलं असावं. मी शिकवलं नव्हतं. मला हे सुचलंच नव्हतं. मी अजून पत्रकातल्या इशाऱ्याचे शब्द जुळवत होते. त्याच संध्याकाळपर्यंत मी ड्रायरपाशी लाल बटण आणून दिलं. डबा पुन्हा 'शून्य आणि भोंगा' वर ठेवला, आणि विजेच्या दाबासाठी आधीच लावायला हवं होतं ते छोटं यूपीएस लावलं. भोंगा आता क्वचितच वाजतो. वाजला की तार बघतात.

पत्रक मी पुन्हा लिहिलं. त्यात मालकाचं वाक्य आहे, सुपरवायझरचं आहे, आणि माझंही आहे. त्यातली मागणी मात्र मालकाकडे नाही, वाचणाऱ्या तुमच्याकडे आहे.

तुमची मिल असेल, पाणीपुरवठ्याची टाकी असेल, शीतगृह असेल, आणि दोन कंपन्यांची मशीनं मधल्या डब्याने जोडलेली असतील, तर या आठवड्यात एक दिवस मशीन रिकामं ठेवा. जोडणाऱ्याला समोर उभं करा आणि ती मधली तार काढायला लावा. मग पडद्याकडे बघा. आकडा शून्यावर आला आणि भोंगा ओरडला तर ठीक. आकडा तसाच बसून राहिला तर ती सेटिंग त्याच दिवशी बदलून घ्या, आणि तोवर त्या आकड्याच्या भरवशावर एकाही माणसाला कामावरून काढू नका.