वीज किती गरम असते?

आमच्या खानावळीत काल विजेवरून जुंपली. शेजारच्या टेबलावर कॉलेजातले दोघं एका कॉमिकच्या नायकावरून भांडत होते. अंगावर वीज पडूनही त्याला काही झालं नाही, मग तो लाव्हारसात उतरला तर टिकेल का? मी फिजिक्स शिकवतो हे ठाऊक असल्यानं निवाडा माझ्याकडे आला.

"सर, वीज किती गरम असते?"

"सूर्याच्या पृष्ठभागाहूनही गरम. पण क्षणभरच. तेव्हा नुसतं तापमान बघू नका, किती वेळ सोसलं तेही बघा."

माझं उत्तर मलाच आवडलं. तेवढ्यात खानावळीच्या मावशी तव्यावरची भाकरी उघड्या हातानं घेऊन आल्या. एकानं ती घ्यायला हात पुढे केला आणि "आई गं!" म्हणत ताटात टाकली.

"मावशी, तुम्हाला भाजत नाही?" बोटांवर फुंकर घालत त्यानं विचारलं.

"भाजतं की," त्या म्हणाल्या. "म्हणून काय भाकरी टाकायची?"

आणि आत गेल्या.

आम्ही तिघांनी त्या नायकाच्या कातडीचा एवढा कीस काढला, पण त्याला दुखलं का, हे कुणालाच सुचलं नव्हतं. ज्याला भाजतच नाही त्यानं सोसलं तरी काय? मावशींच्या हातची भाकरी मी चार वर्षं खातोय. किती वेळ सोसलं ते बघा, हे शहाणपण माझंच.

पुढची भाकरी आली तेव्हा मी हात पुढे केला. ताटापर्यंत धरून ठेवायची, एवढंच ठरवलं होतं.

नाही जमलं.