दुहेरी वळशाची गाठ

जाळी दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला बंदरावर सगळे ‘चाकू’ म्हणत. चाकू कमरेला असायचा, आणि जिभेलाही!

पाच वर्षांपूर्वी तिचा नवरा प्रवाळावर शिंपल्या काढायला उतरला आणि कुणीतरी सोडून दिलेल्या जाळ्यात पाय अडकून तिथेच संपला. त्याच्या पायातून कापलेला जाळ्याचा तुकडा तिने पिठाच्या डब्यामागे जपून ठेवला. दुहेरी वळशाची, उलटी गाठ. जाळीवाल्याचा हात गाठीवरून ओळखू येतो. हा हात कुणाचा, एवढंच तिला शोधायचं होतं.

“सोड गं आता, गेलेला माणूस परत येतो का?” नणंद म्हणायची.

“तो नाही येत. त्याला पाठवणारा तर सापडेल!”

मग समुद्रापलीकडच्या देशाशी करार झाला. प्रवाळ दोघांचं, तर राखायचंही दोघांनी. बुडालेली जाळी वर काढायची, आणि ज्याचं जाळं त्याची बोट दोन वर्षं किनाऱ्यावर. पण जाळ्यावर स्वतःचं नाव कोण शहाणा घालतो? म्हणून हात ओळखायला दोन्हीकडची एकेक जाळीवाली बसवली; इकडची चाकूच. नाव पक्कं व्हायला वहीत दोघींची सही लागे.

पलीकडची मावशी साठीची, तोंडाने गोड, कामात वाघीण. वर्षभर दोघी एकाच शेडमध्ये बसल्या. एके दिवशी मावशीने फाटकी पिशवी शिवताना गाठ मारली. वळसे तेच, फक्त सुलटे. चाकूच्या अंगाची लाही लाही झाली.

दुसऱ्या दिवशी तिने घरचा तुकडा पुढे ठेवला. “मावशी, घरी हा जुना तुकडा आहे, गाठ बघ ना. मला काही ओळखेना बाई.”

मावशीचा चेहरा फुलला. “अगं, हा माझ्या लेकाचा हात! मीच शिकवलं. डावखुरा मेला, म्हणून उलटी पडते.”

चाकूने वही सरकवली. “कर सही. याच जाळ्यात माझा नवरा गेला.”

मावशी पांढरीफटक पडली. “त्याची लेकरं लहान आहेत गं. तुझ्या पाया पडते.”

“माझं तर तेव्हा पोटात होतं. ओळखलंस तू, मी नाही. का कराराच्या साहेबांना हाक मारू?”

मावशीने सही केली. खाली चाकूने केली, अगदी सावकाश. पाच वर्षांत पहिल्यांदा तिला गार वाटलं.

मग तो तुकडा तिने मावशीच्या मांडीवर टाकला. “घे. पिठाच्या डब्यामागे ठेव. पीठ काढताना रोज दिसतो.”