मावशींनी अमेरिकेत पाहिलेली स्थळं

आमच्या हिच्या मावशींसमोर पाच मिनिटं उभा राहिला आणि त्यांच्या ओळखीचा निघाला नाही, असा माणूस निदान कुवेतच्या विमानतळावर तरी अजून उतरलेला नाही. मावशी मूळच्या लातूरच्या, गेली कित्येक वर्षं इथल्या सरकारी दवाखान्यात हेड सिस्टर, आणि मुक्काम अब्बासियात. त्यांच्या बोलण्यात स्वल्पविराम असतात, पूर्णविराम मी अजून ऐकलेला नाही. रेसिडेन्सीच्या कचेरीत खिडकीवरचा जो इजिप्शियन कारकून माझ्या कागदांकडे न बघताच ‘बुकरा’ म्हणून मला उद्यावर ढकलतो, तोच मावशी दिसल्या की आतून खुर्ची घेऊन धावत येतो. त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मावशींनी तिला दम देऊन चालायला लावलं होतं म्हणे. जमियात, म्हणजे इथल्या सहकारी दुकानात, भाजी आणायला गेल्या तर भाजी तिथेच राहते आणि काट्यावरच्या केरळी मुलाला कुठली मुलगी शोभेल हे ठरवून त्या परत येतात. इथल्या मराठी मंडळींतली निम्मी लग्नं त्यांनी जमवली आणि उरलेली निम्मी त्यांना न विचारता झाली म्हणून त्या अजून धुसफुसतात. आमचंही त्यांनीच जमवलं. मी तेव्हा ‘हो’ म्हणालो होतो असं त्या सांगतात. मला आठवत नाही.

अशा बाईला मुलगा झाला तो सौरभ, आणि तो निघाला घुम्या. काका तेलाच्या कंपनीत, वफ्राच्याही पलीकडे वाळवंटात. आठवडाभर तिकडेच असतात. त्या कंपनीच्या कृपेने सौरभ अमेरिकन शाळेत गेला आणि तिथे बेसबॉल खेळू लागला. या खेळात चेंडू फेकतो तो पिचर आणि समोर उकिडवा बसून झेलतो तो कॅचर, इतकंच मला कळतं. सौरभ पिचर. त्याला कुणी काही विचारलं की तो आईकडे बघायचा आणि मावशी उत्तर द्यायच्या. डॉक्टरांनी ‘कुठे दुखतंय?’ विचारलं तरी दुखण्याचं वर्णन मावशींचं. पण त्याला अमेरिकेतल्या कॉलेजात जाऊन बेसबॉल खेळायचं होतं, ते सोडून दुसरं काहीच नको होतं, एवढं मात्र न बोलताही सगळ्या घराला ठाऊक होतं.

त्यासाठी काय करावं लागतं, हे शाळेच्या खेळाच्या सरांनी मावशींना बोलावून समजावलं. तिकडच्या कॉलेजांच्या कोचना शाळेत असतानाच गाठायचं, मुलाची माहिती कळवायची, त्यांना बरी वाटली तर ते पुढे बोलतात, पसंत पडला तर संघात घेतात. मावशींनी शांतपणे ऐकलं आणि घरी आल्यावर मला फोन केला. “जावईबापू, हे तर स्थळच की! उगी घाबरले होते मी.”

मग जे सुरू झालं ते मी आ वासून बघत राहिलो. मावशींनी सौरभचा बायोडेटा केला. उंची, वजन, स्वभाव शांत, निर्व्यसनी, चष्मा नाही, दात सरळ, घराण्यात कुणाला साखर नाही. सोबत फोटो, चुलतभावाच्या लग्नातला, कोट घालून कुंडीशेजारी उभा असलेला. आणि स्थळ म्हटलं की समोरच्या घराचीही चौकशी हवी, म्हणून प्रत्येक कोचला प्रश्न: आपण या कॉलेजात किती वर्षं आहात? स्वभाव रागीट आहे का? मुलं वेळेवर जेवतात का? आपल्याकडे आधी खेळून गेलेल्या मुलांचे खांदे सध्या कसे आहेत? हा शेवटचा प्रश्न वाचून मी हसलो, तेव्हा मावशी म्हणाल्या, “हसा. हाडांच्या वॉर्डात मी होते, तुम्ही नव्हता.” संध्याकाळी तिकडची ऑफिसं उघडली की फोन. आयोवातल्या कुठल्याशा कॉलेजातली सेक्रेटरी लेकीच्या अंगावर पित्त उठतं म्हणून यांचा सल्ला घेऊ लागली. सगळ्या अमेरिकेत मावशींच्या ओळखी झाल्या. उत्तर तेवढं एकाही कोचचं येईना. सौरभ अजूनच गप्प झाला, ताटावरून अर्धपोटी उठू लागला.

शेवटी एका लहानशा कॉलेजातून उत्तर आलं. खांद्यांबद्दल आजवर कुणा पालकाने विचारलं नव्हतं, त्याबद्दल त्या कोचनी आभार मानले होते. पण पुढे लिहिलं होतं, की मला मुलाकडूनच ऐकायचं आहे. त्याने स्वतः लिहावं, आणि चेंडू टाकतानाचा व्हिडिओ पाठवावा.

“मुलगा कशाला बोलेल?” मावशी खवळल्या. “आईबाप बसलेत की इथं!” त्यांचंही बरोबर होतं. आपल्याकडे बघण्याच्या कार्यक्रमात मुलाने पोहे खायचे असतात, बोलायचं असतं ते वडीलधाऱ्यांनी. तेवढ्यात कोपऱ्यातून सौरभ म्हणाला, “आई, मी लिहितो. तू वाचायचं नाहीस.” माझ्यासमोर उच्चारलेलं त्याचं ते पहिलं पूर्ण वाक्य. मावशींचा चेहरा पडला. पण त्या ‘बरं’ म्हणाल्या. ही सांगते, त्याचा फोन टेबलावर उघडा पडला होता तर मावशींनी त्यावर ताट झाकलं आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

राहिला व्हिडिओ. उन्हाळ्याची सुट्टी, संघातली सगळी मुलं आपापल्या देशी गेलेली; कॅचर आणायचा कुठून? मी धीर करून उभा राहिलो आणि पहिल्याच चेंडूला गाडीमागे जाऊन लपलो. मावशींनी माझ्या हातातला ग्लोव्ह काढून घेतला. शाळेतून आणलेली गुडघ्यांची पॅडं पंजाबी ड्रेसवर बांधली, ओढणी कमरेला खोचली, तोंडाला जाळी लावली आणि बिल्डिंगमागच्या वाळूत उकिडव्या बसल्या. “उकिडवं बसायला आम्हाला कोण शिकवणार? टाक.” सूर्य नुकता वर आला होता, तरी वाळूतून धग मारत होती. सौरभचा चेंडू मला दिसतच नव्हता, ग्लोव्हमध्ये आदळला की फक्त ऐकू यायचा. मावशी जागच्या हलल्या नाहीत. एक चेंडू गळपट्टीच्या हाडावर बसला. सौरभ धावत आला. मावशींनी स्वतःच बोटांनी हाड चाचपलं आणि म्हणाल्या, “मोडलेलं नाही. जा मागं, टाक.” मोठमोठ्या पदांवरची माणसं मी माझ्या मिरकाबच्या ऑफिसात रोज बघतो, कुणापुढे मान आपणहून लवली नाही. त्या सकाळी गाडीमागून मी मावशींना मनोमन साष्टांग नमस्कार घातला.

व्हिडिओ गेला आणि कोचनी बोलायला वेळ दिली. सौरभ आतल्या खोलीत दार लावून बसला, बाहेर मावशी, ही आणि मी. कोचचा आवाज मोठा, सगळं ऐकू येत होतं. त्यांचा पहिलाच प्रश्न, “हा कॅचर कोण?” सौरभ म्हणाला, “माय मदर.” पलीकडून हसण्याचा गडगडाट झाला, आणि मग सौरभ बोलू लागला. चेंडू कसा धरतो, कुठे चुकतो, हरल्यावर काय वाटतं, आई कशी बसली होती. मधूनच हसत होता. मावशींनी ओढणीचं टोक दातात धरलं होतं. बऱ्याच वेळाने माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, “जावईबापू, हे लेकरू एवढं बोलतं, मला ठाऊकच नव्हतं.” मी पाणी आणायला उठलो.

कोचनी त्याला घेतलं. ऑगस्टमध्ये तो गेला. परवा शुक्रवारी आम्ही मावशींकडे जेवायला गेलो असताना त्याचा फोन आला, मावशींनी तो स्पीकरवर टाकला. सौरभ सांगत होता: काल पहिल्यांदा सामन्यात टाकायला मिळालं, तिसरा गडी कसा फसवला, बसमध्ये कोण काय म्हणालं. मावशी दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. ‘हं’ नाही, ‘मग?’ नाही. सांगता सांगता तो थांबला. “आई? ऐकतेयस ना? आहेस ना तू?”

मावशींनी जोरजोरात मान हलवली. डोळे भरून आलेले, आणि मान हललेली फोनवर दिसत नाही हे त्यांच्या ध्यानातच येईना. शेवटी हिनेच पुढे होऊन सांगितलं, “आहे रे. इथंच आहे. तू बोल.”