रोझलिन टीचर आणि शाबासकी देणारा डबा

पियानोवर ठेवलेल्या माझ्या टॅबलेटवर रोझलिन टीचर क्रोशाचा रुमाल टाकायच्या. "उगाच माझ्याकडे बघीत रवता मेलो डबो!"

टॅबमधलं ॲप माझं वाजवणं ऐकायचं. सूर आणि ठोका बरोबर आला की चांदण्या द्यायचं. सलग आठवडाभर सराव केला की पडद्यावर फटाके. मालवणजवळच्या आमच्या वाडीत पियानो एकच, टीचरांचा. माझ्याकडे साधा कीबोर्ड. चांदण्यांपायी मी पहाटे उठून त्याच्यापुढे बसू लागले, याचं आईला कोण कौतुक! टीचरांना मात्र शंका. "जो सगळ्यांक बरां म्हणता, तेचो माका संशय येता," त्या म्हणत. मला उलट त्यांचाच संशय यायचा. आयुष्यात ज्यांनी कुणाला शाबासकी दिली नाही, त्यांना डब्याचा हेवा वाटणारच.

त्यांचे हात थरथरू लागले होते. चर्चच्या फेस्ताला, म्हणजे वार्षिक सणाला, त्यांच्याऐवजी आता कोण वाजवणार, हा प्रश्न होता आणि ती जागा मला हवी होती, अगदी जिवापाड हवी होती. ॲपवर शंभरपैकी शंभर मिळवून मी त्यांना दाखवले. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून त्यांनी आकडा पाहिला. "बघूया," एवढंच म्हणाल्या.

फेस्ताला माझा एकही ठोका चुकला नाही. फक्त दुसऱ्या कडव्यापर्यंत माझ्याबरोबर गाणारं कुणी उरलं नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्या ओळीचं शेवटचं अक्षर लांबवतात, मग सावकाश श्वास घेतात. वाजवणाऱ्याने तोवर थांबायचं असतं. मी आपली सुसाट पुढे.

बाहेर टीचरांनी गाठलंच. "म्हाताऱ्यांक दम घेऊक दिलंस काय गो?"

मी रडले. खूप लाज वाटली.

मग वर्षभर त्या शेजारी बसून गायच्या आणि मी थांबायला शिकायचे. ॲप प्रत्येक ओळीला लाल व्हायचं. "होवंदे तांबडो तो. तू थांब." त्यानंतरच्या फेस्ताला सगळं चर्च शेवटपर्यंत गायलं.

मागच्या मे महिन्यात त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी त्यांच्या भाचीचा निरोप आला, टीचरांना फेस्ताचं गीत ऐकायचंय. त्यांच्या खोलीचं दार उघडं ठेवून मी पियानोवर बसले. त्या आतून पुटपुटत गाऊ लागल्या. पहिल्या ओळीनंतर मी थांबले. त्यांनी श्वास घेतला. दुसरीनंतर जास्त थांबावं लागलं. तिसरीनंतरही थांबले, थांबूनच राहिले. भाचीने येऊन खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कुठे मी पट्ट्यांवरची बोटं उचलली.